एकाच घरातल्या दोघांना एकसारखे लॅपटॉप घ्यावेत का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी यंदा बडोद्यातच बी.कॉम.ला जाते आहे आणि सोबत सी.ए.ची तयारी करणार आहे. पुतण्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यामुळे तो कलाभवनात, म्हणजे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेच्या आवारात जाईल. दोघांसाठी मिळून आपण १,२०,००० रुपये बाजूला काढले आहेत. दुकानदार एकाच मॉडेलचे दोन गेमिंग लॅपटॉप घेतल्यास चांगली सूट देतो म्हणतो, मुलीला मात्र वजनाला हलका म्हणून कीबोर्ड जोडता येणारा टॅबलेट हवा आहे, आणि घरी विंडोज १० वर चालणारा एक जुना डेस्कटॉप आहे, त्याचे काय करावे हेही आपल्याला ठरवायचे आहे.

मी रावपुऱ्यात बरीच वर्षे लॅपटॉपची विक्री आणि दुरुस्ती करतो, त्यामुळे विद्यार्थ्यांचे लॅपटॉप मला दोनदा दिसतात, एकदा नवे असताना आणि पुन्हा दोन-तीन वर्षांनी उघडून टेबलावर ठेवलेले. त्या दुसऱ्या भेटीत जे दिसते त्यावरून सांगतो, की ‘कोणते मॉडेल चांगले’ हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. त्याआधी अभ्यासक्रमाला कोणते सॉफ्टवेअर टाळताच येणार नाही, लॅपटॉप दिवसातले किती तास घराबाहेर राहणार आणि तिसऱ्या वर्षी तो बिघडला तर त्याचा कोणता भाग बदलता येईल, ही तीन उत्तरे मिळवावी लागतात. आपल्या घरातल्या दोघांची पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत. म्हणून एकसारखे दोन लॅपटॉप घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी मुलीचे पाहू. वाणिज्य शाखेच्या कामाला ताकदीचा लॅपटॉप लागत नाही, पण विंडोज लागते. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते. एक्सेल टॅबलेटवर उघडते हे खरे असले, तरी त्या आवृत्तीत मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या सूचना, चालत नाहीत आणि मोठ्या तक्त्यांवर काम करताना संगणकावरच्या एक्सेलची सर येत नाही. सी.ए.च्या २०२३पासून लागू झालेल्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची आहे, आणि त्या काळात ऑडिटसाठी पक्षकारांच्या कार्यालयांत लॅपटॉप घेऊन जावे लागते. म्हणजे मुलीने वजनाचा जो मुद्दा काढला आहे तो अगदी बरोबर आहे, फक्त त्यावरचा तिचा उपाय चुकीचा आहे. टॅबलेट, त्याचा कीबोर्ड आणि पेन यांच्या किमती वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, आणि तिघांची बेरीज एका बऱ्या लॅपटॉपपर्यंत सहज पोचते. पीडीएफ वाचणे आणि हाताने टिपणे काढणे यासाठी टॅबलेट उत्तम साधन आहे, पण ते दुसरे साधन म्हणून. पहिला आणि एकमेव संगणक म्हणून तो तिला दुसऱ्या वर्षीच अपुरा पडू लागेल.

तिच्यासाठी मी १४ इंची पडद्याचा, दीड किलोच्या आतला लॅपटॉप सुचवीन. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘यू’ अक्षर असलेल्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या वर्गातला पुरेसा आहे. एका गोष्टीकडे हिशेबाचे काम करणाऱ्यांचे हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे १४ इंची लॅपटॉपवर उजवीकडचा आकड्यांचा वेगळा भाग बहुधा नसतो. टॅलीत शेकडो नोंदी करताना त्याची उणीव जाणवते. त्यासाठी १५.६ इंची जड लॅपटॉप घेण्याची मात्र गरज नाही. यूएसबीने जोडायचा वेगळा नंबर-पॅड काही शे रुपयांत मिळतो आणि तो घरच्या टेबलावर राहू शकतो.

पुतण्याची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला पुढे सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, अँसिस या आरेखनाच्या आणि विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरपैकी काही ना काही वापरावे लागतेच, आणि सॉलिडवर्क्स व कॅटिया फक्त विंडोजवर चालतात. मॅकबुक कितीही चांगले असले तरी या एका कारणाने त्याच्यासाठी, आणि टॅलीच्या कारणाने मुलीसाठीही, ते बाजूला ठेवावे लागते. पण पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आरेखन, थोडे प्रोग्रॅमिंग असे सर्व शाखांना समान विषय असतात, आणि त्रिमितीय आरेखनाचे जड काम त्यानंतर सुरू होते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की त्याचा लॅपटॉप वर्ग सुरू झाल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी घ्यावा. तोपर्यंत विभागात कोणते सॉफ्टवेअर शिकवतात, प्रयोगशाळेतले संगणक तासांव्यतिरिक्त वापरायला मिळतात का आणि वरच्या वर्गातली मुले काय वापरतात हे त्याला प्रत्यक्ष कळेल. प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत खुली राहत असेल तर वेगळ्या ग्राफिक कार्डाशिवायही, म्हणजे पडद्यावरची चित्रे काढणाऱ्या स्वतंत्र भागाशिवायही, त्याचे भागेल. घरीच सगळे करावे लागणार असेल तर लहानसे का होईना, वेगळे ग्राफिक कार्ड उपयोगी पडेल.

इथे दुकानदाराच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. कमी किमतीत ग्राफिक कार्ड हवे असेल तर ते गेमिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्येच मिळते. सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत वर्कस्टेशन वर्गातली कार्डे असतात, गेमिंगची नव्हेत, तरीही विद्यार्थी जेवढ्या आकाराची कामे करतात तेवढी त्यांच्यावर चालतात. पण सुटा भाग किंवा लहान जुळणी आरेखताना वेग मुख्यतः प्रोसेसरच्या एका गाभ्याच्या गतीवर आणि रॅमवर ठरतो, ग्राफिक कार्डाचा वाटा त्यामानाने लहान असतो. तेव्हा किंमत सारखी असताना मोठे कार्ड आणि ८ जीबी रॅम, किंवा लहान कार्ड आणि १६ जीबी रॅम यांतून निवडायचे झाले, तर मी निःशंकपणे दुसरा पर्याय घेतो. प्रोसेसर ‘एच’ वर्गातला, म्हणजे जास्त ताकदीचा, वजन दोन किलोच्या आसपास, पडदा १५.६ किंवा १६ इंची, एवढे त्याच्यासाठी ठीक आहे. सव्वादोन-अडीच किलोचा लॅपटॉप आणि वर विटेसारखा अर्ध्या किलोचा चार्जर हे ओझे पहिल्या महिन्यात जाणवत नाही, पण नंतर मुले लॅपटॉप घरीच ठेवू लागतात, आणि मग फिरता संगणक घेण्याचा हेतूच संपतो.

आता रॅमविषयी थोडे सविस्तर, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ‘हळू झालेल्या’ लॅपटॉपांपैकी बहुतेकांचे दुखणे तिथेच असते. विंडोज ११ किमान ४ जीबीवर चालते असे कागदोपत्री असले, तरी आज एक ब्राउझर, एक्सेल आणि व्हिडिओ-तास एकत्र उघडले की ८ जीबी भरून जातात. मुलीसाठी ८ जीबीने सुरुवात करता येईल, पण एका अटीवर: रॅम वाढवण्यासाठी स्लॉट हवा. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरच, सोल्डर केलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही. तशा लॅपटॉपात पहिल्याच दिवशी १६ जीबी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘रॅम वाढवता येईल का?’ असे विचारले की दुकानात सहसा ‘हो’ असेच उत्तर मिळते. म्हणून ‘स्लॉट किती आहेत आणि त्यांतला रिकामा किती?’ असे विचारावे, आणि उत्तर त्या मॉडेलच्या निर्मात्याच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावे. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी दोघांनाही पुरेशी आहे. विंडोजमध्ये ती सुमारे ४७६ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला तो फरक आहे. मात्र अगदी स्वस्त लॅपटॉपांत ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी नावाची साठवण असते, ती एसएसडी नव्हे. ती हळू असते, लवकर भरते आणि बहुधा बोर्डावरच जोडलेली असल्याने बदलता येत नाही.

प्रोसेसरच्या नावातला ‘आय फाइव्ह’ किंवा ‘आय सेव्हन’ एवढाच भाग ऐकून निर्णय घेऊ नये. पाच-सहा पिढ्या जुना आय सेव्हन आजच्या आय थ्रीपेक्षा मंद असू शकतो, म्हणून पिढी दाखवणारा आकडा आणि शेवटचे अक्षर ही दोन्ही पाहावीत. पडद्याच्या बाबतीत १९२० बाय १०८० ही स्पष्टता आता सर्वत्र मिळते. उजेड ३०० निट्सच्या वर असावा, कारण २५० निट्सचा पडदा खिडकीजवळ बसल्यावर डोळ्यांना त्रास देतो. रंगांचे प्रमाण, म्हणजे स्वस्त पडद्यांवर लिहिलेले ४५ टक्के एनटीएससी, या दोघांच्या कामात आड येत नाही. फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्याला मी नेमका उलटा सल्ला दिला असता.

बॅटरीचा अंदाज स्वतः करता येतो आणि तो जाहिरातीतल्या तासांपेक्षा विश्वासार्ह असतो. बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले असतात. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि साध्या कामात सुमारे ८ वॉट खाणारा लॅपटॉप असेल तर सव्वासहा तास मिळतील. त्याच बॅटरीवर ग्राफिक कार्ड चालू झाले की ती तासा-दीड तासात संपते. मुलीने बाहेर काढलेल्या दिवसाला सहा तास पुरतात. यूएसबी-सी पोर्टमधून चार्ज होणारा लॅपटॉप मिळाला तर तो आवर्जून घ्यावा, कारण ६५ वॉटचा एक लहान चार्जर लॅपटॉप आणि फोन दोन्हींना चालतो. शिवाय नेहमीची गोल पिन असलेला चार्जिंगचा जॅक वायरला झटके बसून सैल होतो, ही तक्रार माझ्याकडे नेहमीचीच आहे. बहुतेक कंपन्यांनी आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिली आहे. घरी टेबलावर लॅपटॉप सतत चार्जरला जोडलेला राहणार असेल तर ती सोय चालू ठेवावी, बॅटरीचे आयुष्य नक्की वाढते.

विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपात प्रत्यक्षात काय मोडते हे निवड करताना लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण प्रोसेसर क्वचितच बिघडतो. सर्वांत जास्त मोडतात त्या बिजागऱ्या. स्वस्त लॅपटॉपांत बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी खोबण्यांत घट्ट केलेले असतात. पडदा रोज एका कोपऱ्याने धरून उघडला की त्या खोबण्या प्लॅस्टिकसह उपटून येतात आणि मग पडद्याची चौकट फुगते. दुकानात लॅपटॉप हातात घेतल्यावर पडदा मधोमध धरून उघडून पाहावा, आणि कीबोर्डच्या मधल्या भागावर अंगठ्याने हलके दाबून तो किती वाकतो तेही पाहावे. ज्याचा कीबोर्ड बराच खाली दबतो त्याच्या बिजागरीचा मला भरवसा वाटत नाही. दुसरा क्रम फुटलेल्या पडद्यांचा. पेन किंवा इअरफोन कीबोर्डवर राहतो आणि वरून झाकण मिटले जाते. तिसरा क्रम चहा-पाण्याचा. अशा वेळी तांदळाच्या डब्यात ठेवून काहीही साधत नाही. लगेच बंद करावा, चार्जर काढावा, पुन्हा सुरू करून बघण्याचा मोह टाळावा आणि उघडून वाळवण्यासाठी आणावा, एवढेच करण्यासारखे असते.

बडोद्याच्या हवामानाचाही विचार इथेच करावा लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप ठेवणे म्हणजे बॅटरी फुगवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. बॅटरी फुगली की आधी टचपॅड वर उचलला जातो. तसे दिसताच लॅपटॉप वापरणे थांबवावे. पावसाळ्यात विश्वामित्री नदीचे पाणी कुठवर येते हे २०१९च्या जुलैअखेरीस आणि २०२४च्या ऑगस्टअखेरीस शहराने पाहिले आहे. तळमजल्यावर राहत असाल तर लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क या दोन्ही गोष्टी खालच्या कप्प्यात एकत्र ठेवू नयेत. नेहमीच्या एका वर्षाच्या वॉरंटीत पाणी सांडणे किंवा पडणे धरलेले नसते. त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते, ते बहुधा खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच मिळते, आणि घेतानाच पुराचे पाणी त्यात धरले आहे का हे अटींत वाचून घ्यावे. रोज लॅपटॉप बाहेर नेणाऱ्या मुलीसाठी मी ते घेईनच.

जुन्या डेस्कटॉपला फेकून देऊ नका. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हा त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत हे खरे. तो संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल, म्हणजे साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून लिबरऑफिस हे मोफत ऑफिस आणि ब्राउझर छान चालतो. पण त्याहून मोलाचा आहे तो त्याचा मॉनिटर. मुलीचा १४ इंची लॅपटॉप घरी आल्यावर त्या मॉनिटरला जोडला, की लहान पडद्याची अडचण उरत नाही. एका पडद्यावर प्रश्न आणि दुसऱ्यावर तक्ता असे काम करता येते. मॉनिटर फार जुना असून त्याला फक्त व्हीजीए हे जुन्या पद्धतीचे पोर्ट असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर घ्यावा. संगणकाचे टेबलही तेच वापरता येईल.

वापरलेल्या लॅपटॉपविषयी आपण विचारलेले नाही, तरी पुतण्यासाठी हा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. मोठ्या कंपन्यांतून भाडेपट्टीची मुदत संपून आलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या वर्गातले लॅपटॉप बांध्याने घट्ट असतात आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळतात. घेताना तो विंडोज ११ अधिकृतपणे चालवतो का, बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ व्यवस्थेला, जुन्या कंपनीचा पासवर्ड तर नाही ना, आणि बॅटरीची आजची पूर्ण क्षमता मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे, या तीन गोष्टी तपासाव्यात. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच तयार करून देते, विक्रेत्याला तो समोर काढून दाखवायला सांगावा. मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत त्या व्यवहारातून वजा करून घ्यावी.

सॉफ्टवेअरवर वेगळा खर्च करण्याची फारशी गरज नाही. ऑटोडेस्कची ऑटोकॅड, इन्व्हेंटर, फ्यूजन ही साधने पात्र विद्यार्थ्यांना मोफत मिळतात आणि परवाना दरवर्षी नवा करता येतो. अँसिसची विद्यार्थी आवृत्ती काही मर्यादांसह मोफत आहे. टॅलीतही शिकण्यासाठी मोफत शैक्षणिक पद्धत आहे, तिच्यात महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात. हे सर्व सरळ मार्गाने मिळत असताना मित्राच्या पेनड्राइव्हमधले ‘क्रॅक’, म्हणजे परवाना तोडलेल्या चोरट्या प्रती, वापरू देऊ नका. त्यातून आलेल्या व्हायरसमुळे प्रकल्पाच्या फायली गमावलेली मुले परीक्षेच्या तोंडावर दुकानात येतात, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे काही नसते.

लॅपटॉप पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा तो दुकानदाराच्या नव्हे, मुलांच्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू करा. सोबत आलेले ऑफिस त्याच खात्याशी कायमचे जोडले जाते आणि त्याची नोंदणी ठरावीक मुदतीतच करावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नव्या लॅपटॉपांत डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारे बिटलॉकर संरक्षण बहुधा आपोआप चालू होते. पुढे मदरबोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते, आणि तो त्या खात्यातच साठवलेला असतो. खात्याचा पासवर्ड हरवलेला असेल तर लॅपटॉप दुरुस्त होतो पण आतला मजकूर मिळत नाही. तो क्रमांक पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवावा.

आपल्या रकमेची विभागणी मी अशी करीन: मुलीच्या लॅपटॉपसाठी सुमारे ४५,००० रुपये, पुतण्यासाठी ६०,००० ते ६२,०००, आणि उरलेल्या १३,०००-१५,०००मध्ये मुलीसाठी अपघाती नुकसानीचे संरक्षण, दोघांत मिळून १ टीबीची एक बाहेरून जोडायची डिस्क, नंबर-पॅड आणि पाणी न शिरणाऱ्या दोन पिशव्या. प्रकल्पाच्या चालू फायलींसाठी गुगल ड्राइव्हची १५ जीबी मोफत जागा पुरते, आणि डिस्कवर आठवड्यातून एकदा प्रत घ्यावी. वापरलेला लॅपटॉप निवडला तर पुतण्याच्या वाट्यातून वाचलेले पैसे तसेच ठेवा, तिसऱ्या वर्षी रॅम किंवा बॅटरीसाठी लागतील.

पुतण्याचा लॅपटॉप काही आठवड्यांनी घ्यायचा असला, तरी दुकानदाराला तसे सांगून दोन लॅपटॉपांवरची सूट तशीच मागायला हरकत नाही, मॉडेल वेगवेगळी असली तरी बरेच विक्रेते देतात. पैसे कमी करायला तो तयार नसेल तर त्याऐवजी वॉरंटी एका वर्षाने वाढवून मागा. प्रत्येक लॅपटॉप घेताना बिलावर त्याचा अनुक्रमांक लिहून घ्या, आणि निघण्यापूर्वी तोच अनुक्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी आजच्या तारखेपासून सुरू झालेली दिसते का, हे तिथेच पाहून घ्या.